आयुष्याच्या वर्षाचा भाव

1985 साली यॉर्क विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ ॲलन विल्यम्स यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक लेख लिहिला. विषय होता हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचा, पण लोकांच्या लक्षात राहिला तो त्यातला तक्ता. धडधाकट माणसाच्या एका वर्षाइतका लाभ रोग्याच्या पदरात पाडायला कोणत्या उपचाराला किती खर्च येतो, ते त्यात ओळीने मांडलेलं होतं. पेसमेकर बसवला तर 700 पौंड. खुब्याचा सांधा बदलला तर 750. हृदय प्रत्यारोपणाला 5,000. आणि रुग्णालयात येऊन घ्यायच्या डायलिसिसला 14,000.

चाळीस वर्षं उलटली तरी या तक्त्यावरून भांडण होतं. नाशिकच्या एका घरात ते नुकतंच झालं, आत्या आणि भाच्यात. भाचा इंग्लंडमध्ये आरोग्य-अर्थशास्त्र शिकवतो. आत्या फिजिओथेरपिस्ट. मणक्याला मार लागून कमरेखालचं अंग गेलेल्या माणसांना उठतं-बसतं करण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. निवृत्तीनंतरही दर आठवड्याला ती त्यांच्या गटात जाते.

“डायलिसिसवाल्याने या तक्त्याकडे बघून काय समजायचं?” तिने विचारलं. “की त्याचं वर्ष महाग पडतं?”

“महाग पडतं हे खरंच आहे,” भाचा म्हणाला. “पण म्हणून ते देऊ नका, असं विल्यम्स म्हणत नव्हते. पुढचे दहा लाख पौंड हातात आले तर ते कुठे घालावेत, एवढंच ते विचारत होते. त्या काळी ब्रिटनमध्ये खुब्याच्या ऑपरेशनसाठी लोक महिनोन्‌महिने कळा सोसत थांबलेले असायचे. त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं, कारण खुबा दुखून माणूस मरत नाही.”

या मापाला तज्ज्ञ ‘क्वाली’ म्हणतात. जगण्याचा दर्जा हिशेबात धरून मोजलेलं आयुष्याचं वर्ष, असा त्याचा अर्थ. पूर्ण आरोग्यातलं वर्ष म्हणजे 1, मृत्यू म्हणजे 0 आणि आजारपणातलं वर्ष बहुधा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. एखाद्या औषधाने दोन वर्षं वाढली, पण ती 0.6 दर्जाची असली, तर लाभ 1.2 क्वालींचा. त्या औषधाला आधीच्या उपचारापेक्षा 60,000 पौंड जास्त लागत असतील, तर एक क्वाली 50,000 पौंडांना पडली. इंग्लंडमध्ये 1999 साली स्थापन झालेली ‘नाइस’ ही सरकारी संस्था असाच हिशेब घालून ठरवते, की नवं औषध तिथल्या सार्वजनिक आरोग्यसेवेने विकत घ्यावं की नाही. तिची नेहमीची मर्यादा वर्षानुवर्षं क्वालीमागे 20,000 ते 30,000 पौंड अशी राहिली.

आत्याची पहिली हरकत या मर्यादेवरच होती. वीस ते तीस हजार हा आकडा आणला कुठून?

भाच्याने आढेवेढे घेतले नाहीत. संशोधन करून काढलेला तो आकडा नव्हे, हे त्याने मान्य केलं. सुरुवातीच्या निर्णयांतून तो रुळत गेला आणि पुढे महागाई वाढली तरी जागचा हलला नाही. यॉर्कच्याच कार्ल क्लॅक्स्टन यांच्या गटाने 2015 मध्ये उलट बाजूने शोध घेतला. आरोग्यसेवेचे पैसे नव्या औषधाकडे वळवले की दुसरीकडे कुठेतरी कात्री लागते. तिथे किती पौंडांमागे एक क्वाली गमावली जाते? उत्तर आलं, सुमारे 13,000.

“म्हणजे तीस हजार देऊन आपण एका माणसाला एक वर्ष देतो,” भाचा म्हणाला, “आणि ज्यांची नावंसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत अशांची मिळून दोन वर्षं काढून घेतो. कोणाचा मानसोपचार लांबणीवर पडतो, कोणाची तपासणी राहून जाते. ते टीव्हीवर येत नाहीत.”

“आणि 2025 च्या डिसेंबरात काय झालं?” आत्या बातम्या बारकाईने वाचते. “अमेरिकेशी औषधांचा करार झाला आणि तुमची मर्यादा पंचवीस ते पस्तीस हजारांवर गेली. हे कुठल्या संशोधनातून आलं? आयातशुल्काची बोलणी झाली आणि माणसाच्या वर्षाचा भाव बदलला.”

ते मला अजिबात पटलेलं नाही, असं भाचा म्हणाला. क्लॅक्स्टन यांचा आकडा खरा धरला, तर मर्यादा खाली यायला हवी होती. पण त्याने एक गोष्ट पुढे केली. मर्यादा उघडपणे लिहिलेली होती, म्हणून तर ती कोणी, कधी, कशासाठी बदलली हे नाशिकमध्ये बसून आत्याला सांगता आलं.

यावर ती थोडी विचारात पडली, पण मुद्दा सोडायला तयार नव्हती. 2024 च्या जुलैत नाइसने स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारासाठी ‘ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन’ हे औषध नाकारलं. रोग शरीरभर पसरलेल्या बायकांना ते काही महिन्यांचं आयुष्य वाढवून देतं. स्कॉटलंडने मात्र तेच औषध आधीच मान्य केलेलं होतं. तेव्हा सीमेच्या एका बाजूच्या बाईला ते मिळत होतं, दुसऱ्या बाजूच्या बाईला नाही.

“त्या बाईला जाऊन सांग, तुझे महिने हिशेबात बसत नाहीत.”

भाच्याने इथे आवाज चढवला नाही, पण शब्द जपून वापरले. “नकार त्या बाईला नव्हता, आत्या. कंपनीने सांगितलेल्या भावाला होता. नाइसला हे औषध द्यायचं होतं आणि भाव उतरवा म्हणून त्यांनी जाहीरपणे सांगितलं. मर्यादाच नसती, तर भाव उतरवायची कंपनीला गरज काय? मागेल ते मिळालं असतं.”

“पण भाव उतरला नाही. औषधाविना राहिली ती बाईच ना?”

याला भाच्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्याने ते असल्याचा आवही आणला नाही. खरेदीदार आणि विक्रेता दोघेही अडून बसले की मधल्या काळात वेळ जातो तो आजारी माणसाचा. क्वालीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही गोष्ट मोठ्याने कबूल करायला हवी. ती क्वचितच केली जाते.

त्याऐवजी भाच्याने उलट बाजूचा अनुभव सांगितला. 2010 नंतर इंग्लंडमध्ये लोकांच्या दबावाने कर्करोगाच्या औषधांसाठी खास निधी उभारला गेला. नाइसने नाकारलेली औषधंही त्यातून मिळू लागली. 2016 पर्यंत त्यावर सुमारे 1.27 अब्ज पौंड खर्च झाले. लंडनच्या संशोधकांनी मागे वळून तपासलं, तेव्हा दिसलं की त्यातल्या बहुतेक औषधांनी रोग्यांना म्हणण्यासारखं काही दिलं नव्हतं. ज्यांनी आयुष्य वाढवलं, त्यांचीही वाढ साधारण तीन महिन्यांची होती. दुष्परिणाम होते ते वेगळेच. “हे पैसे करुणेपोटी खर्च झाले,” तो म्हणाला, “आणि तेवढ्या पैशांत किती मोतीबिंदू निघाले असते, किती खुबे बदलले असते, हे कोणी विचारलंच नाही.”

खरा वाद पेटला तो यानंतर. आतापर्यंत आत्या पैशांबद्दल बोलत होती. आता ती वजनांवर आली, म्हणजे त्या 0.6 वर.

हे वजन काढायची पद्धत अशी. युरोक्वॉल नावाच्या संशोधकांच्या गटाने 1987 पासून एक छोटी प्रश्नावली घडवली. तिच्यात पाचच गोष्टी विचारतात: चालणं-फिरणं, स्वतःचं स्वतः आवरणं, रोजची कामं, वेदना आणि चिंता-उदासी. प्रत्येकाच्या तीन पायऱ्या धरल्या तर 243 अवस्था होतात, पाच धरल्या तर 3,125. मग सर्वसामान्य लोकांना घरोघरी गाठून विचारतात: समजा, अशा अवस्थेत तुम्हाला दहा वर्षं काढायची आहेत. त्याऐवजी धडधाकट जगता येणार असेल, तर त्या दहातली किती वर्षं तुम्ही सोडून द्याल? कोणी चार म्हणालं, तर त्या अवस्थेचं वजन 0.6. काही अवस्था लोकांना मरणाहून वाईट वाटतात, त्यांचं वजन शून्याच्याही खाली जातं. ब्रिटनमध्ये 1990 च्या दशकात काढलेल्या वजनांत सर्वांत वाईट अवस्थेला उणे 0.594 मिळाले होते. भारतातही चंदिगडच्या ‘पीजीआय’च्या संशोधकांनी पाच राज्यांत फिरून लोकांची उत्तरं गोळा केली आणि 2022 मध्ये भारतीय वजनं प्रसिद्ध केली. त्यांतही शून्याखालचे आकडे दिसतात.

“चाकाच्या खुर्चीत जे कधी बसले नाहीत, त्यांना विचारायचं की खुर्चीतलं आयुष्य किती वाईट?” आत्या म्हणाली. “अपघातानंतरच्या पहिल्या महिन्यात माझा प्रत्येक पेशंट म्हणायचा, मारून टाका. दोन वर्षांनी तोच माणूस तीनचाकी स्कूटरवरून दुकानात जातो, मुलीचा अभ्यास घेतो, भावाशी शेतावरून भांडतो. त्याला विचार, तुझं वर्ष किती वजनाचं? तो 0.6 म्हणणार नाही.”

तिचं म्हणणं नुसतं अनुभवाचं नाही. अमेरिकेत अल्ब्रेख्ट आणि डेव्हलीगर या दोघांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गंभीर अपंगत्व असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांनी आपल्या जगण्याचा दर्जा चांगला किंवा उत्तम असल्याचं सांगितलं होतं. बाहेरून पाहणाऱ्यांना मात्र तसं वाटत नव्हतं.

आणि त्याचा परिणाम गणितात उतरतो. न्यूमोनिया झालेली दोन माणसं घ्या. दोघांनाही बरं केलं तर आणखी वीस-वीस वर्षं आहेत. धडधाकट माणसाला वाचवलं तर 20 क्वाली. खुर्चीतल्याचं वजन 0.6 धरलं तर त्याला वाचवून 12. आजार तोच, औषध तेच, वर्षंही तितकीच. जॉन हॅरिस या तत्त्वचिंतकांनी 1987 मध्येच यावर बोट ठेवलं होतं: आधी नशिबाने पाय नेले आणि आता त्याच कारणाने औषधावरचा हक्कही कमी झाला, असा हा दुहेरी घाव.

“नाइस पेशंट समोरासमोर ठेवून असं तोलत नाही,” भाचा म्हणाला. “औषधाचा हिशेब त्या आजाराच्या सगळ्या रोग्यांसाठी एकत्र होतो. खाटेजवळ कोणी क्वाली मोजत बसत नाही.”

“मग 2020 च्या मार्चमध्ये काय झालं होतं?”

कोविडच्या त्या दिवसांत नाइसने अतिदक्षता विभागासाठी घाईने मार्गदर्शिका काढली. माणूस दुसऱ्याच्या मदतीवर किती अवलंबून आहे, हे बघून त्याचा अशक्तपणा ठरवायची मोजणी तिच्यात होती. ती म्हाताऱ्यांसाठी बनवलेली होती. पण दररोज मदत लागणाऱ्या तरुण अपंगालाही ती लावली असती, तर तो आपोआप ‘फार अशक्त’ ठरला असता. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि चारपाच दिवसांतच नाइसने दुरुस्ती केली, की तरुणांना, स्थिर स्वरूपाचं अपंगत्व असलेल्यांना आणि ऑटिझम असलेल्यांना ही मोजणी लावू नये. ती क्वाली नव्हती, हे खरं. पण मोजमाप एकदा तयार झालं की ते कागदावरून खाटेपर्यंत किती चटकन पोचतं, एवढंच आत्याला दाखवायचं होतं, आणि ते तिने दाखवलं.

या जागी लेखकाचा कौल आत्याच्या बाजूने आहे. जीव वाचवणाऱ्या उपचारात अपंग माणसाचं वर्ष कमी भरावं, हे कुठल्याही सरासरीच्या नावाखाली पटण्यासारखं नाही. अमेरिकेच्या काँग्रेसने 2010 च्या आरोग्य कायद्यात क्वालीच्या मर्यादेवर बंधनं घातली, त्यामागे अपंगांच्या चळवळीचा हा आक्षेपही होता. तिथल्या बॉस्टनच्या एका स्वतंत्र मूल्यमापन संस्थेने तोडगा म्हणून दुसरं माप सोबत छापायला सुरुवात केली. त्यात वाढलेलं प्रत्येक वर्ष सगळ्यांना सारखंच धरतात.

पण मापच नको म्हणून सुटका होत नाही. भारतात माप नसताना काय होतं, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. 2021-22 मध्येसुद्धा देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला सुमारे 39 टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून भरला. त्याच्या आठ वर्षं आधी तो 64 टक्के होता. दोन एकर विकून बापाची केमो झाली आणि मुलीचं शिक्षण सुटलं, ही निवडच आहे. फक्त ती सरकारने न करता त्या कुटुंबाने रात्री जागून केली, आणि त्यांना कोणी सांगितलं नाही की या केमोने सहा आठवडे मिळतील की सहा वर्षं.

भाचा नेमकं हेच म्हणत होता. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात 2017 पासून उपचारांचं असं मूल्यमापन करणारी यंत्रणा आहे. तिच्या हिशेबात सामान्यतः दरडोई देशांतर्गत उत्पादनाएवढी मर्यादा धरतात, म्हणजे क्वालीमागे दोन लाख रुपयांच्या आगेमागे. तिच्या सुरुवातीच्या कामांत मोतीबिंदूचा अभ्यास होता: महागडं यंत्र वापरून करायची फेको शस्त्रक्रिया, की छोट्या छेदाची साधी शस्त्रक्रिया आणि न दुमडणारं स्वस्त भिंग? सरकारी कार्यक्रमासाठी साधी पद्धत योग्य ठरली. एका फेकोच्या पैशांत जास्त डोळे उघडतात.

“तिथे माझी हरकत नाही,” आत्या म्हणाली. “पण मोतीबिंदू सगळ्यांना होतो. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफीच्या बाळाचं काय?”

हा आजार जन्मजात. स्नायू हळूहळू निकामी होतात. त्यावरच्या जनुकीय इंजेक्शनची किंमत आपल्याकडे 16 कोटी रुपये ऐकून सगळे हादरले होते, आणि तरीही मुंबई-पुण्याकडे लोकांनी वर्गणी काढून ते आणवलं. ब्रिटनमध्ये त्याची छापील किंमत जवळजवळ 18 लाख पौंड. तिथल्या आरोग्यसेवेने 2021 मध्ये गुप्त सवलत मिळवून ते घेतलं. अशा अतिदुर्मीळ आजारांसाठी नाइसने मर्यादाच वेगळी ठेवली आहे, क्वालीमागे एक लाखापासून तीन लाख पौंडांपर्यंत. आपल्या केंद्र सरकारच्या धोरणात दुर्मीळ आजाराच्या रोग्याला जास्तीत जास्त 50 लाखांची मदत मिळते. जन्मभर घ्यायच्या औषधाला ती पुरत नाही.

इथे भाच्यानेच आपल्या शास्त्रातली एक खटकणारी गोष्ट उघड केली. नाइस भविष्यातला लाभ दरवर्षी साडेतीन टक्क्यांनी कमी करून धरते. बाळाला पूर्ण आरोग्याची साठ वर्षं मिळाली, तर हिशेबात ती साठ राहत नाहीत. पंचवीस उरतात.

“पस्तीस वर्षं कुठे गेली?”

“व्याजात.” तो म्हणाला. “पैशाला जे लावतो तेच आयुष्याला लावतात. नाही तर गणित विसंगत होतं, असं कारण देतात. काही खास परिस्थितींत दर दीड टक्का धरायची मुभा आहे. मला विचारशील तर बाळांच्या बाबतीत तोच धरावा.”

पण आत्याला थांबवणारी गोष्ट त्याने नंतर सांगितली. याच आजारावर ‘रिस्डिप्लाम’ नावाचं तोंडाने घ्यायचं औषध आहे. मूळ कंपनीची बाटली सहा लाखांच्या वर होती. पेटंटचा खटला दिल्ली उच्च न्यायालयात लढला गेला, सर्वोच्च न्यायालयानेही मूळ कंपनीला दिलासा दिला नाही, आणि 2025 च्या ऑक्टोबरात हैदराबादच्या नॅटको कंपनीने तेच औषध 15,900 रुपयांना बाजारात आणलं. बाळाचं वजन, त्याची वर्षं, त्याची क्वाली, काहीच बदललं नाही. भाव चाळिसाव्या हिश्श्यावर आला. “सहा लाखांना ‘परवडत नाही’ म्हणणारा हिशेब बाळाच्या विरुद्ध नव्हता,” भाचा म्हणाला.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी याच दिशेने आणखी एक वाट काढली आहे. डोकं आणि मानेचा कर्करोग, आपल्याकडे तंबाखूमुळे घरोघरी पोचलेला. त्यावरचं निव्होलुमॅब हे औषध पूर्ण मात्रेत फार थोड्यांना परवडतं. तिथे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी 20 मिलिग्रॅम औषध, तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांबरोबर देऊन पाहिलं. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर 16.3 टक्के रोगी हयात होते. औषधासह 43.4 टक्के. कंपनीला अशी चाचणी करण्यात काय रस असणार? ती डॉक्टरांनी केली, कारण समोरच्या रांगेतल्या माणसांना पूर्ण मात्रा मिळणारच नव्हती.

आत्याने मग आपल्या गटाचीच गोष्ट काढली. मणक्याच्या रोग्याचा जीव जातो तो बऱ्याचदा पाठीवरच्या जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने. चांगली गादी, बसायची योग्य उशी, कॅथेटर स्वच्छ कसा वापरायचा याचं शिक्षण, आणि दर दोन तासांनी कूस बदलायची सवय. यातलं काहीच महाग नाही. “याच्या क्वाली कोणी मोजल्यात का इथे?”

“मोजल्या तर हे वरच्या नंबरात येईल,” भाचा म्हणाला. “पण उशीसाठी अर्ज कोण करणार? औषधाची फाइल कंपनी तयार करते. उशीची फाइल तू आणि मी करायची.”

“करू. पण वजनं खुर्चीतल्या लोकांकडून घ्यायची.”

स्वीडनमध्ये तसं करतात, त्याने सांगितलं. तिथली औषधांची सरकारी संस्था प्रत्यक्ष त्या अवस्थेत जगणाऱ्यांच्या उत्तरांना पसंती देते. मात्र त्यात एक पेच आहे. खुर्चीतल्या आयुष्याचं वजन 0.9 आलं, तर जीव वाचवणाऱ्या उपचाराला भरघोस गुण मिळतील. पण उद्या मणका पुन्हा जोडणारं, चालायला लावणारं औषध निघालं, तर त्याच्या वाट्याला जेमतेम 0.1 उरेल. मर्यादेत बसायला त्याला फार स्वस्त व्हावं लागेल.

आत्याने बराच विचार केला. “आधी जगणं,” ती शेवटी म्हणाली. “चालणं नंतर.”

“हे तू म्हणतेस. अठरा वर्षांचा मुलगा, गेल्या महिन्यात झाडावरून पडलेला, तो काय म्हणेल?”

“तो वेगळं म्हणेल. दोन वर्षांनी परत विचारलंस तर आणखी वेगळं.” तिने कॅलेंडरकडे पाहिलं. “गुरुवारी गट भरतो. नवेही असतात, वीस-वीस वर्षं खुर्चीत काढलेलेही असतात. तुझी प्रश्नावली घेऊन ये, मराठीत छापून. आणि प्रत्येकाच्या उत्तरापुढे खुर्चीत बसून किती वर्षं झाली त्याचा रकाना घाल, तो तुझ्या कागदात नाही.”